रकाना सतरा

प्रिय भिंगरी,

तीन गल्ल्या पलीकडे राहणारी बाई पत्र काय लिहिते, म्हणून आधी हसशील. हस. हे पाकीट मी स्वतः येऊन तुझ्या दाराच्या पेटीत टाकणार आहे आणि बेल न वाजवता परत फिरणार आहे. फोन केला असता तर पहिल्याच वाक्याला तू 'ताई, आवाज का असा येतोय, जेवलात का?' असं विचारलं असतंस आणि माझं गाडं तिथेच अडलं असतं. तुझ्याशी खोटं बोलणं मला जमतं, हे मंगळवारी कळलं. खरं बोलणं जमेल की नाही याची खात्री नाही, म्हणून कागद घेतला. कागदावर मी पहिल्यापासून जरा बरी आहे. मदतनीस बाई आल्या की ठकूला त्यांच्याजवळ दे आणि एका बैठकीत वाच. मधेच मला फोन लावू नकोस, मी उचलणार नाही.

सोमवारी दहा वाजता समिती बसणार. ठकूला तीन महिने निवासी केंद्रात ठेवायचं की तुझ्याजवळ राहू द्यायचं, हे चार माणसं ठरवणार, आणि त्या चौघांनी मिळून तिला पाऊण तास पाहिलंय. 'तीन महिने' हे शब्द त्यांनी नोटिशीत किती सहज लिहिलेत. तुझी ठकू बोलत नाही, ठोकते. टेबल, भांडं, खिडकीची काच, माझा गुडघा, जे हाताला लागेल ते. पण झोपताना ती फक्त तुझ्या खांद्यावर ठोकते, बोटांच्या पेरांनी, हळूहळू मंद होत होत, आणि ठोकणं थांबलं की समजायचं झोपली. निवासी केंद्रात रात्रपाळीला एक बाई आणि अकरा मुलं असतात. तिथे तो खांदा कुठून यायचा? हे मी तुला सांगायला नको. गेले तीन आठवडे तुझ्या डोक्यात दुसरं काही नाही, हे मला माहीत आहे. मी माझ्यासाठीच लिहितेय, पुढचं लिहिताना हात मागे येऊ नये म्हणून.

तू पालक गटात आलीस तो बुधवार मला चांगला आठवतो. मुलं आत उपचाराला गेली होती आणि आम्ही नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत त्या डुगडुगत्या खुर्च्यांवर बसलो होतो. तू बेकरीतून तशीच आली होतीस, कोपरापर्यंत पीठ, एप्रनसुद्धा काढलेला नव्हता. बसायचं सोडून तू कुणाला पाणी दे, कुणाची पिशवी उचल, पंखा बंद कर, असं चाललेलं. मी तेव्हाच म्हटलं, ही भिंगरी आहे, हिला कुणीतरी धरून बसवा. मग तू पर्समधून घडी घातलेला कागद काढलास. मदतनीस मिळावी म्हणून केलेला अर्ज नाकारल्याचं पत्र. सोबत तू भरलेल्या फॉर्मची प्रत होती. ती वाचून मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. 'ठकू अतिशय आनंदी मुलगी आहे. तिचा घरात कुणालाही त्रास नाही. तिला संगीत आवडते.' वर तिचा फ्रॉकमधला फोटो टाचलेला. तू मुलीचा फॉर्म भरला नव्हतास, तिचं कौतुक केलं होतंस. आणि ऑफिसातल्या माणसाने ते वाचून लिहिलं होतं की, कुटुंबाला सध्या साहाय्याची गरज दिसत नाही. त्याचं तरी काय चुकलं?

तेव्हा मी तुला गटाचा नियम सांगितला. नियम माझाच, मीच केलेला, आणि तो सांगताना माझी मान जरा ताठ व्हायची. आपल्या लेकराचा फॉर्म आपण भरायचा नाही. आईच्या हाताला ते वळण नसतं. 'रोज चार वेळा कपडे बदलावे लागतात' असं लिहायचं असतं आणि हात लिहितो, 'स्वच्छतेची सवय लागत आहे'. म्हणून एकीने सांगायचं आणि दुसरीने लिहायचं. लेकरू चांगल्या दिवशी कसं असतं ते नाही लिहायचं, सगळ्यात वाईट दिवशी कसं असतं ते लिहायचं, कारण मदत त्या दिवसासाठी मागायची असते. मी बारा वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते. कुठलं वाक्य फायलीत झोपतं आणि कुठलं वाचणाऱ्याच्या नजरेला टोचतं, हे मला कळतं. बघता बघता सगळ्यांचे फॉर्म माझ्याकडेच यायला लागले. तुझ्याआधी बावीस भरले होते. त्या आजोबांना नातवासाठी बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवून मिळाले. जुळ्यांच्या आईला आठवड्याचे बारा तास मदतनीस मिळाली. नर्सबाईंच्या मुलाला महिन्यातून दोन दिवस विसावा केंद्रात राहायला जागा मिळाली आणि त्या दोन दिवसांत त्या पहिल्यांदा आपल्या मोठ्या मुलीला घेऊन पोहायला गेल्या. मला याचा गर्व होता. अजूनही आहे, उगाच खोटं कशाला सांगू.

फक्त माझ्या लेकाचा, राजेंचा फॉर्म मी कुणाला भरू दिला नाही. तू एकदा विचारलं होतंस, 'ताई, तुमचा कुणी लिहिला?' मी म्हटलं, मला काय दुसऱ्याची गरज, मी तर यातली मुरलेली. तू हसलीस आणि विषय तिथेच संपला. खरं असं आहे की तो मी भरला, सुवाच्य अक्षरात, आणि सतराव्या रकान्यात लिहिलं, 'आई सर्व जबाबदाऱ्या समर्थपणे पार पाडते.' आम्हाला आठवड्याचे चार तास मिळाले. चौदा वर्षांचा, माझ्याहून हातभर उंच झालेला मुलगा, नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर, आणि चार तास. त्या चार तासांत मी तुमचे फॉर्म भरायची.

आता तुझ्या स्वयंपाकघरातली ती दुपार. ठकू फ्रिजच्या दारावर चमचा वाजवत होती, तू एका हाताने तिच्यासाठी केळं कुस्करत होतीस आणि एकेक रकाना सांगत होतीस. छान सांगत होतीस. खाणं, झोप, आंघोळ, फिट आली तर काय, रस्त्यावर बसकण मारली तर काय. मी लिहीत होते. सतरावा आला, 'काळजी घेणाऱ्या व्यक्तीवर होणारा परिणाम', आणि तू केळ्याची वाटी ओट्यावर ठेवलीस. मग म्हणालीस, 'दमते, एवढंच लिहा.' मी म्हटलं, दमते लिहून काही होत नाही, बसचा ड्रायव्हरपण दमतो. तू म्हणालीस, 'मग काय ते तुम्हीच लिहा, ताई,' आणि ठकूला बाथरूमला घेऊन गेलीस. तुमचा नळ चालू होता, आतून तू तिला काहीतरी गुणगुणत होतीस. दहा मिनिटं मी एकटी होते आणि समोर तो रिकामा रकाना. एकदा नाकारलेला अर्ज, दुसऱ्यांदा नाकारला तर वर्षभर पुन्हा करता येत नाही, हे डोक्यात होतंच. मी लिहायला लागले आणि थांबले नाही. तू बाहेर आलीस तेव्हा शाई वाळली होती. मी कागद तुझ्यापुढे सरकवला, तू ओल्या हाताने सही केलीस. वाच तरी, असं मी म्हटलं. म्हटलं, पण असं की तू वाचू नयेस. 'तुमच्या हातचं मी काय वाचायचं?' असं तू म्हणालीस आणि मला हायसं वाटलं.

मदत आली. आठवड्याचे दहा तास, महिन्याचे दोन दिवस. मदतनीस बाई यायला लागल्या त्या पहिल्या बुधवारी तू गटात येऊन त्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीस, मान मागे टाकून, तोंड उघडं, आणि आम्ही सगळ्या दीड तास कुजबुजत बोललो. दुसऱ्या महिन्यात तू केस कापून आलीस. ते तुला शोभत नव्हते, पण मी बोलले नाही. तो माझ्या आयुष्यातला फार चांगला महिना होता. तुझा केवढा भार मी उतरवला, असं वाटायचं.

मग फेरतपासणी आली. नवीन अधिकारी बाई, तरुण, नीटनेटक्या, प्रत्येक रकाना खरोखर वाचणाऱ्या. त्यांनी सतरावा वाचला. तुला नोटीस मिळाली तेव्हा त्यात तो जसाच्या तसा उतरवलेला होता आणि तू तो आयुष्यात पहिल्यांदा वाचलास. 'मुलीला बसथांब्याच्या बाकावर बसवून आई रस्ता ओलांडून निघून गेली. एकवीस मिनिटे परत आली नाही. परत यावे असे तिला वाटत नव्हते.' शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारली होती. त्यानंतर तुझ्या घरी दोघीजणी आल्या, दारांच्या कड्या पाहिल्या, औषधांचं कपाट पाहिलं, ठकूच्या अंगावर कुठे वळ आहेत का ते पाहिलं. शेजारणीला विचारलं. बेकरीच्या मालकाला विचारलं. त्या बायांना मी नावं ठेवत नाही. असं वाक्य वाचून कुणी आलं नसतं, तर मी त्यांना शिव्या घातल्या असत्या.

गटात तू नोटीस वाचून दाखवलीस तेव्हा मी खिडकीकडे बघत होते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बघू, वकिलांना विचारते. विचारलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते, आणि रोज राजेंचं काहीतरी निघायचं. दात घासताना तो चिडायचा, बूट चढवू द्यायचा नाही, आणि मला बरंच वाटायचं, की बघ, आज वेळच नाही मिळाला. तोंडाला कुलूप लावून माणूस किती कामं उरकू शकतो. पडदे धुतले मी त्या दिवसांत.

आणि मंगळवारी तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस, रडली असतीस तर बरं झालं असतं. तू शांतपणे विचारलंस, 'ताई, मी असं कधी बोलले होते का तुमच्याजवळ?' मी म्हटलं, 'आठवत नाही गं आता, चार महिने झाले.' त्यावर तू जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. म्हणालीस, 'तुम्ही लिहिलंय म्हणजे मी बोलले असेन. एकदा मी समोरच्या दुकानात दूध घ्यायला गेले होते, ती थांब्यावर बसली होती. मला वाटलं तीनचार मिनिटं झाली. पण एकवीस झाली असतील का? दमलेल्या माणसाला काही कळत नाही.' तू दूध घ्यायला गेलेली तीन मिनिटं ताणून ताणून माझ्या वाक्यात बसवत होतीस. आणि मग म्हणालीस की तू सोमवारी सरळ माफी मागणार आहेस. कबूल केलं, पुन्हा होणार नाही म्हटलं, तर सोडतील. भिंगरी, सोडणार नाहीत. मी कागदपत्रं बघितलेली बाई आहे. तू तोंडाने कबूल केलंस की संशयाची नोंद राहत नाही, कबुलीची होते, आणि तीन महिन्यांचे सहा व्हायला वेळ लागत नाही. हे मला फोनवर त्या क्षणी कळत होतं. तरी मी म्हटलं, 'बघ, तुला योग्य वाटेल ते कर.' फोन ठेवल्यावर मी बटाटे सोलायला घेतले.

स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे कारण होतं. मी खोटं लिहिलं असं बाहेर आलं तर तेवीसच्या तेवीस फॉर्म उघडतील. आजोबांचे दांडे, जुळ्यांचे तास, नर्सबाईंचे दोन दिवस, सगळं पुन्हा तपासात जाईल. बावीस घरांसाठी एक घर. गणित चांगलं दिसत होतं. काल सकाळी गटात तुझी खुर्ची रिकामी होती आणि नर्सबाई सहज म्हणाल्या, 'असं कोण सोडून जातं हो पोराला? मला तर वाटत नाही ती गेली असेल.' कुणीतरी म्हणालं, माणसाचं सांगता येत नाही. मी तिथे बसले होते. त्यांच्या फॉर्मचं मला काही वाटत नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. त्या बाविसांत एकही वाक्य खोटं नाही, कुणीही येऊन तपासावं. मला भीती वेगळीच होती, आणि ती फक्त माझ्या घराची होती.

तुझ्या फॉर्ममधलं ते वाक्यसुद्धा खोटं नाही. ते माझं आहे. राजे दहा वर्षांचे होते. दाताच्या डॉक्टरांकडून निघालो होतो, तिथे त्याने माझ्या हाताला चावून रक्त काढलं होतं आणि खोलीभर लोक बघत होते. थांब्यावर त्याला बाकावर बसवलं, मांडीवर माझी पिशवी ठेवली, म्हटलं बस इथे, आणि रस्ता ओलांडून चालायला लागले. कोपऱ्यावरच्या वह्यापेनांच्या दुकानात शिरले आणि पेनं बघत उभी राहिले. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून आकडा एवढा नेमका आहे. परत का आले ते मला सांगता येणार नाही, दुकानदाराने 'काय हवंय?' असं विचारलं म्हणूनही असेल. हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. माझ्या फॉर्ममध्ये ते लिहायची छाती झाली नाही आणि तुझ्या नावावर मात्र ते एका दमात लिहून मोकळी झाले. काल संध्याकाळी ट्रक थांबवून यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, उद्याच जा. आज सकाळी राजेंना केंद्रावर सोडून मी ऑफिसात गेले आणि त्या अधिकारी बाईंना हेच सगळं लिहून, सही करून दिलं. पोच घेतली आहे, तिची प्रत सोबत आहे, सोमवारी घेऊन जा. त्यांनी विचारलं, मग तेव्हा तुमच्या मुलाचं काय झालं? मी सांगितलं, काही नाही, तो तसाच बसला होता, पिशवी धरून. तुझ्याकडे आल्या होत्या त्या दोघी उद्या दुपारी माझ्याकडे येणार आहेत आणि काय ठरवतील ते मला ठाऊक नाही. तू सोमवारी माफी मागू नकोस. 'मी असं कधीच केलं नाही,' एवढंच म्हण, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून सांगते, मला वाचवायला एक शब्दही बोलू नकोस. माझ्यावर राग धर, पुन्हा दारात उभी करू नकोस, मला चालेल. फक्त एक गोष्ट मी त्या बाईंना सांगितली नाही, ती तुला सांगते. मी परत आले तेव्हा राजेने माझ्याकडे वर पाहिलंही नाही. तो नुसता थोडा बाजूला सरकला, मला बसायला जागा व्हावी म्हणून.

तुझीच, तू ठेवशील तोवर,
ताई